आत, बाहेर, मोकळं

माझी मुलगी तिच्या गाडीत खिडकीतून शिरायची. त्या गाडीला उघडणारी दारंच नव्हती. आधी उजवा पाय, मग अंग आकसून बाकीची ती, आणि मग बाहेरून कुणीतरी हेल्मेट आत द्यायचं. पट्टे आवळले जायचे, खिडकीला जाळी लागायची, आणि जाळी लागली की ती मला दिसेनाशी व्हायची. उरायचा तो हेडफोनमधून येणारा तिचा आवाज, आणि आवाजाच्याही आधी तिचा श्वास.

श्वास ऐकण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. मी भूल देणारी डॉक्टर. नागपूरला शिकले, लग्न करून मॅसॅच्युसेट्सला आले आणि इथल्याच एका हॉस्पिटलातून निवृत्त झाले. श्रूजबरीत आमचं घर आहे. आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत इथे. दिवाळीच्या फराळाला जमलो की मुलांची चौकशी होते, आणि कुणी काकू विचारायची, "तुमची काय करते हल्ली?" मी सांगायचे, "इंजिनिअर आहे, मेडिकल डिव्हाइसेसमध्ये." ते खरंच होतं. सोमवार ते शुक्रवार.

शनिवारचं आम्हालाही उशिरा कळलं. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, धिस सीझन आय ॲम गोइंग टू ड्राइव्ह."

हे म्हणाले, "मग इतकी वर्षं काय करत होतीस?" ह्यांना वाटलं, ऑफिसला ट्रेनने जायचं सोडून गाडीने जाणार असेल.

"नो, बाबा. ड्राइव्ह ॲज इन, रेस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी ती डोंगर चढायला जाते असं आम्ही समजत होतो. ती जात होती ते दीडेक तासावरच्या एका छोट्या ट्रॅकवर, स्टॉक कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या रेसला. आधी नुसती बघायला, मग एका टीमचे टायर बदलायला. त्या टीमचा ड्रायव्हर पैसेवाल्या टीमकडे गेला, जाताना स्पॉन्सरही घेऊन गेला. रिकाम्या सीटवर बसवायला मालकाकडे दुसरं कुणी नव्हतं. ही होती.

ह्यांनी ताटाकडे बघत "भात वाढ" म्हटलं आणि तो विषय तिथंच संपला. हे हायवे खात्यात इंजिनिअर होते. अपघातानंतर वाकलेली रेलिंग बघायला जाणं हा ह्यांच्या कामाचा भाग होता. आम्ही दोघांनीही आयुष्यभर गाड्यांचा शेवट पाहिला होता, ह्यांनी रस्त्यावर आणि मी ऑपरेशन थिएटरमध्ये. त्या दिवसापासून हे शनिवारी संध्याकाळी टीव्ही लावून बसायचे आणि टीव्हीकडे बघायचे नाहीत.

मला मात्र राहवलं नाही. एप्रिलमध्ये मी तिच्याबरोबर टीमचं गॅरेज बघायला गेले. कडेच्या झाडांखाली मळकट बर्फ शिल्लक होता. गॅरेज म्हणजे एक जुना बार्न होता, एके काळी तिथे गाई बांधत. अजूनही पावसाळी हवा असली की ग्रीझच्या वासाखालून गवताचा वास वर यायचा. मालक पंचाहत्तरीकडे झुकलेला, आयुष्यभर प्लंबिंग करून गुडघे आणि कंबर घालवून बसलेला माणूस. तरुणपणी तोही रेस करायचा. दुसरी होती एक मेकॅनिक, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. आठवडाभर ती स्कूल बसेसच्या डेपोत काम करायची. ट्रॅकवर वरच्या मचाणावरून बघून ड्रायव्हरला सूचना देणारा स्पॉटर असायचा मालकाचा मेहुणा. झाली टीम.

गाडीची डावी बाजू निळी होती आणि उजवी जवळजवळ निळी. रंगाचा डबा मध्येच संपला होता आणि तोच निळा पुन्हा मिळाला नव्हता. मोठ्या टीम एका रेसनंतर टायर उतरवत, ते उतरलेले टायर आमच्याकडे येत. ठोकून सरळ केलेला पत्रा हात फिरवला की सुरकुतलेल्या साडीसारखा लागायचा. मी हात फिरवतेय हे बघून मालक म्हणाला, "डॉक, ही माझ्यासारखीच आहे. आतून बरी आहे."

स्पॉन्सर शोधायचं काम मी अंगावर घेतलं. आमच्या इंडियन ग्रोसरीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "आंटी, मैं तो क्रिकेट टीम को देता हूँ." मी तरी उभीच राहिले. शेवटी त्यानं दर शनिवारी फ्रोझन सामोसे आणि आंब्याच्या रसाचे डबे द्यायचं कबूल केलं. त्याची परतफेड म्हणून मुलीनं गाडीच्या मागच्या बाजूला एक आंबा रंगवला. मोठा, केशरी, देठाशी एक पान असलेला.

पहिली रेस मी मे महिन्यात पाहिली. इथल्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी फार लांब असतात. सूर्य झाडांच्या वर टेकून बसतो आणि जायचं नाव घेत नाही. ट्रॅक अगदी लहान, अंडाकृती, पाइनच्या जंगलात खोदलेल्या वाडग्यासारखा. लाकडी बाकांवर घोंगड्या पसरून माणसं बसली होती. तळलेल्या पिठाचा, साखरेचा आणि पेट्रोलचा वास एकत्र येत होता. गाड्या सुरू झाल्या तेव्हा आवाज कानांतून नाही, बरगड्यांतून आत आला. मुलीनं दिलेला हेडफोन मी कानांवर चढवला आणि सगळं एकदम लांब गेलं. गाड्या डावीकडे वळत राहिल्या. देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेनं, न थांबता. थोड्या वेळानं गाड्या दिसेनाशा झाल्या, नुसते रंग फिरत राहिले. त्यात एक केशरी ठिपका यायचा आणि जायचा, यायचा आणि जायचा.

आणि कानात तिचा श्वास. बोलायचं बटण दाबलं की शब्दाआधी तो ऐकू यायचा. आत, बाहेर. जरा वेगात, पण एका लयीत. थिएटरमध्ये पेशंट झोपला की अशीच मी त्याच्या श्वासाला धरून बसायचे. खोलीत दहा जण असले तरी मी आणि तो श्वास असे दोघंच असायचो. त्या संध्याकाळी कुणी जिंकलं ते मला कळलं नाही. गाड्या थांबल्यावरही मी बसून होते. मुलगी वर येऊन म्हणाली, "आई, इट्स ओव्हर."

जूनमध्ये मालकाच्या मेहुण्यानं फ्लोरिडाला बिऱ्हाड हलवलं. आता मचाणावर कोण? मालकाला शिडी चढता येत नव्हती, मेकॅनिक खाली पिटमध्ये, गाडीच्या दुरुस्तीला लागायची. पगार देऊन माणूस ठेवणं शक्य नव्हतं. मी सामोसे गरम करत होते. मालक माझ्याकडे बघत राहिला.

"डॉक, हॉस्पिटलात तू काय करायचीस?"

"भूल द्यायचे."

"आणि भूल दिल्यानंतर?"

"बघत बसायचे."

"बस, तेच करायचंय."

मी नाही म्हटलं. दोन शनिवार नाही म्हटलं. तिसऱ्या शनिवारी मुलगी म्हणाली, "आई, स्पॉटर नसेल तर दे वोन्ट लेट मी रन." मग मी पायातल्या सँडल काढून बूट घातले आणि शिडी चढले.

काम सांगायला सोपं. ड्रायव्हरची मान पट्ट्यांनी जखडलेली असते, दोन्ही बाजूंना सीटचे पंख. शेजारी कोण आलं ते तिला दिसत नाही. आतल्या बाजूला गाडी असली तर 'इनसाइड' म्हणायचं, बाहेरून आली तर 'आउटसाइड', कुणी नसलं तर 'क्लिअर'. पण वेळेवर म्हणायचं. मी आधी मनात वाक्य जुळवायचे आणि मग बोलायचे, तोवर गाडी निघून गेलेली असायची. "देअर वॉज समवन इनसाइड," मी सांगायचे. मुलगी हसू दाबत म्हणायची, "थँक यू, आई. आय मेट हिम."

जुलैच्या एका शनिवारी पुढे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सगळा वळणाचा भाग पांढऱ्या धुरानं भरला. ती त्या धुरात शिरताना मला दिसली. माझं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. मी ओरडले, "आत घे! आत, आत! अगं सोड, पाय सोड! थांब... आता मोकळं! जा, जा बाई, मोकळं आहे!"

ही मुलगी शाळेत जायला लागल्यापासून आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देत आली होती. तिला किती कळतं, किती नाही, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. तो आंबा धुरातून अलगद बाहेर आला. कुठेही न खरचटता. रेडिओवर खूप वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "आई? कीप डुइंग दॅट."

त्या दिवसापासून आमची भाषा ठरली. आत, बाहेर, मोकळं. शेजारच्या मचाणांवरचे स्पॉटर आमचा चॅनल ऐकायचा प्रयत्न करायचे आणि खांदे उडवायचे. मालकही खाली बसून ऐकायचा. 'मोकळं' हा शब्द त्यानं उचलला. त्याच्या तोंडी तो 'मोकला' व्हायचा. ट्रेलर रस्त्यावर काढताना हात हलवून तो मेकॅनिकला सांगायचा, "मोकला, मोकला!" आणि तीही एक शब्द न बोलता ट्रेलर काढायची.

आम्ही जिंकत नव्हतो. मधल्या गर्दीत कुठेतरी संपवायचो. पण गाडी सोमवारी परत उभी राहत होती, आणि बार्नमधल्या लोकांना तेवढं पुरत होतं. मग ऑगस्टमध्ये, सरावातच, इंजिन गेलं. मोठा स्फोट वगैरे नाही. एक कोरडा आवाज, जसा वाळलेला नारळ फोडल्यावर येतो, आणि मग गाडीच्या मागे तेलाची एक लांब काळी रेघ. मुलगी कठड्यापाशी थांबली. रेडिओवर म्हणाली, "दॅट्स इट, गाइज." मी वरून बघत होते. ती खिडकीतून बाहेर आली, छपरावर हात ठेवून उभी राहिली, आणि बराच वेळ तिनं हात काढला नाही.

नवं इंजिन घेणं आमच्या कुणाच्या आवाक्यात नव्हतं. आम्ही मदत देऊ केली तर मुलगी नाही म्हणाली. "इफ यू पे, इट बिकम्स युअर गिफ्ट, आई. इट हॅज टू बी आवर्स." सप्टेंबर तसाच गेला. शनिवारी ती घरी यायची आणि सोफ्यावर झोपून राहायची. हे तिच्या अंगावर शाल टाकायचे, टीव्ही बंद करायचे. एवढ्या दिवसांत प्रथमच शनिवारी ती डोळ्यांसमोर होती, तरी हे खूश दिसत नव्हते. एकदा स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "काहीच मिळत नाही का गं कुठे?"

मिळालं ते मेकॅनिकला. न्यू हॅम्पशायरमध्ये तिच्या ओळखीचा एक रेसर काही वर्षांपूर्वी वारला होता. त्याची गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली तशीच उभी होती. त्याची बायको विकायला तयार नव्हती, पण भेटायला या म्हणाली. मालकाचा ट्रक चढावर गरम व्हायचा, म्हणून आमची मोठी गाडीही लागणार होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे किल्ली घेऊन उठले.

रविवारची सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपल लाल होऊ लागले होते. उतारावर सफरचंदाची बाग, बागेच्या शेवटी तिचं पांढरं घर. ती बाई उंच, सत्तरीची, पुरुषाचा स्वेटर घातलेली. तिनं आम्हाला शेडमध्ये नेलं आणि ताडपत्री स्वतःच्या हातानं ओढली. खाली पिवळी गाडी होती. धूळ अशी बसली होती की ती गाडी उन्हात झोपल्यासारखी वाटत होती.

"इंजिन न्या," ती म्हणाली. ते काढायचं तर साखळी टांगायला वर आधार हवा. मेकॅनिकनं छताच्या तुळईकडे बघितलं. हे इतका वेळ मागे उभे होते. पुढे आले, मान वर करून बघितलं, तुळईवर बोटांनी टकटक केलं.

"ही पेलणार नाही," हे म्हणाले. मग इंग्रजीत, "गिव्ह मी टू पोस्ट्स."

कुंपणासाठी आणून ठेवलेले जाड खांब तिथेच पडले होते. ह्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि मुलीला मापं सांगायला लागले. ती करवत चालवत होती, हे दुसऱ्या टोकाला खांब दाबून उभे होते. लहानपणी तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी काड्यांचा पूल करून दिला होता तेव्हा दोघं असेच ओणवे बसले होते. मी आणि ती बाई बाहेर पायरीवर कॉफी घेऊन बसलो.

"मला त्या गाडीचा राग यायचा," ती म्हणाली. "शनिवारी तो कधी वेळेवर जेवायला आला नाही. पण आवाज ओळखायचे मी. डोंगर उतरून ट्रेलर यायचा, तो गाडी अंगणात उतरवायचा आणि एकदा सुरू करून बघायचा. मग मी बटाटे उकडायला टाकायचे."

मी विचारलं, "मग आता का देताय?"

तिनं बागेकडे बघितलं. "तुमची मुलगी काल फोनवर म्हणाली की ती गाडीशी बोलते. तोही बोलायचा." मग ती म्हणाली, "मला पैसे नकोत. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा मला बोलवा. तेवढंच."

शेडमधून साखळीची कुरकुर ऐकू आली. आम्ही उठून दारात गेलो. दोन खांबांच्या आधारानं इंजिन वर येत होतं, अगदी सावकाश, हवेत जरासं फिरत. फटीतून आलेल्या उन्हात धूळ चमकत होती. ह्यांचा एक हात खांबावर होता, आणि इंजिन मालकाच्या ट्रकवर टेकेपर्यंत ह्यांनी तो काढला नाही.

पंधरवडाभर सगळे बार्नमध्ये राबले. ज्या संध्याकाळी इंजिन सुरू करायचं होतं, त्या संध्याकाळी ती बाई स्वतः गाडी चालवत आली. आम्ही तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. पहिल्या दोन खेपांना नुसती घरघर झाली. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, थरारलं आणि चालू झालं. बार्नच्या फळ्या थरथरायला लागल्या. तिनं डोळे मिटले होते. मुलीनं ॲक्सिलरेटर हलकेच वाढवला आणि सोडला. इंजिन बंद झाल्यावर त्या बाईनं डोळे उघडले आणि मेकॅनिकला म्हणाली, "पेट्रोल थोडं जास्त पितंय. त्याचंही थंडीत असंच व्हायचं." मग तिनं सगळ्यांना हात हलवला आणि अंधार पडायच्या आत निघाली.

सीझनची शेवटची रेस ऑक्टोबरात, रविवारी दुपारी होती. मधल्या रेस हुकल्यामुळे आम्हाला सगळ्यांत मागे उभं राहायचं होतं. हे आले होते. दोन स्वेटर, मफलर, आणि मांडीवर सामोशांचा डबा. मचाणावर एकालाच परवानगी असते, म्हणून हे मचाणाच्या अगदी खाली, बाकाच्या टोकाला बसले. मला फक्त ह्यांची टोपी दिसत होती.

हिरवा झेंडा पडला आणि पुन्हा तेच झालं. आवाज लांब गेला, रंग फिरायला लागले. वाऱ्यानं पानं ट्रॅकवर येत होती आणि गाड्यांच्या मागे लाल-पिवळ्या वावटळी उठत होत्या. "आत. आत. मोकळं. बाहेर एक, बाहेर, अजून आहे... मोकळं." मी बोलत होते की कुणी माझ्यातून बोलत होतं, मला सांगता येणार नाही. एकेक गाडी मागे पडत गेली. आमचे टायर जुने होते, पण मुलगी त्यांना जपून चालवत होती, घाई न करता, जणू दुपारभर तिला दुसरं काही कामच नव्हतं.

मग ऊन उतरलं. पलीकडच्या वळणावर सूर्य बरोबर समोर यायचा. रेडिओवर श्वास अडकला.

"आई, आय कान्ट सी. आय कान्ट सी एनीथिंग."

"मला दिसतंय," मी म्हटलं. "सरळ. सरळ. सरळ राहा... आता वळ."

ती वळली. पुढच्या फेरीला पुन्हा. "सरळ. सरळ... आता." इतर ड्रायव्हर त्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होते. ती उचलत नव्हती. प्रत्येक वेळी त्या उन्हाच्या भिंतीत माझी मुलगी नाहीशी व्हायची, आणि मी बोलत राहायचे, आणि ती दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची. असं करत करत एका क्षणी मी पुढे बघितलं तर तिच्यापुढे कुणीच नव्हतं.

"कोण आहे पुढे?" तिनं विचारलं. मराठीत.

"कुणी नाही."

तिचा श्वास ऐकू येत होता, खोल आणि संथ, गाढ झोपेतल्या माणसाचा असतो तसा. खाली मालक उभा राहिला होता. कंबरेचं दुखणं विसरून, काठीशिवाय. काही फेऱ्या तो आंबा सगळ्यांच्या पुढे फिरला. माझ्या आयुष्यातल्या त्या सर्वांत शांत फेऱ्या होत्या, आणि बाकावरची शेकडो माणसं तेव्हा ओरडत होती म्हणे.

शेवटी टायरनी दम सोडला. वळणावर गाडीचा मागचा भाग सरकायला लागला. नव्या कोऱ्या टायरची एक लाल गाडी मागून आली.

"आत की बाहेर, आई?"

"बाहेर. बाहेर आहे. जवळ आलाय."

तिनं त्याला अडवून पाहिलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो निघून गेला. धक्का मारून दोघांना कठड्यावर नेता आलं असतं, ते तिनं केलं नाही. ती दुसरी आली.

मी शिडी उतरले. हे कठड्यापाशी उभे होते. मला वाटलं, रडत असतील. जवळ गेले तर वाकून लोखंडी रेलिंगचा जोड बघत होते. "चांगला बसवलाय," हे म्हणाले. "ज्यानं बसवलाय, त्याला कळतं." मग नाक पुसलं. मुलगी गाडीतून बाहेर येऊन आमच्याकडे चालत येत होती, चेहरा काजळीनं काळा, डोळ्यांभोवती तेवढा स्वच्छ. ह्यांनी डबा उघडून पुढे केला. ती तशीच, हातमोजे न काढता, सामोसा खायला लागली.

त्या हिवाळ्यात मालकाला बार्न सोडावा लागला. तिथे घरं होणार होती. त्याच्या कंबरेचं ऑपरेशनही ठरलं होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं की आता संपलं. मुलगी गाडी विकायची जाहिरात लिहीत बसली होती, तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "आमच्या गॅरेजचं दार केवढं रुंद आहे, मोजलंयस का कधी?"

म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या दोन्ही गाड्या बर्फात होत्या आणि रेसची गाडी गॅरेजमध्ये, हीटर लावून. हे रोज सकाळी टोपी घालून आमच्या गाड्यांच्या काचा खरवडायचे आणि एकदाही कुरकुरले नाहीत. रविवारी मेकॅनिक यायची. मालक खुर्चीत बसून सांगायचा, काय कुठे आहे. एकदा मला विचारू लागला, "डॉक, भूल दिल्यावर स्वप्नं पडतात का?"

"कुणाकुणाला पडतात," मी म्हटलं.

"कसली?"

"उठल्यावर लोक सांगतात, छान होतं काहीतरी. काय ते आठवत नाही."

त्याला ते पटलेलं दिसलं. ऑपरेशन नीट झालं.

मार्चच्या शेवटी बर्फ वितळला आणि गाडी ट्रेलरवर चढवायची वेळ आली. आमचा रस्ता उताराचा आहे. ट्रेलर खाली कोपऱ्यावर उभा होता. रविवारी सकाळी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून इंजिन सुरू करायचं नाही, असं ठरलं. मुलगी स्टिअरिंगवर बसली. मी, हे आणि मेकॅनिकनं मागून हात लावला. गाडी ओल्या रस्त्यावर आली आणि स्वतःच चालायला लागली, तेव्हा आम्ही हात काढले. समोरच्या घरातली काकू चहाचा कप घेऊन दारात आली, तिच्या शेजारचे काका कचऱ्याचा डबा हातात धरून थांबले. पाण्यात आभाळ पडलं होतं. त्या आभाळावरून गाडी खाली जात राहिली, कसलाही आवाज न करता.